न थांबणारी गाडी

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला शांततेचं कौतुक नसतं. चार पंप एका लयीत घरघरत असले की गावाच्या नळांना पाणी असतं, आणि त्यातला एक गप्प झाला की पाच मिनिटांत टेलिफोन बोंबलायला लागतो. आपल्या या गृहस्थांना पंपघरात सगळे ‘कानसेन’ म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत आणि सांगत, “दोन नंबरचं बेअरिंग महिनाभरात जाणार.” आणि ते जायचंच. एकदा तर साहेबांनी मागवलेलं तपासणीचं महागडं यंत्र खोक्यातून बाहेर यायच्या आत त्यांनी बिघाड सांगून टाकला. त्या दिवसापासून त्यांचे पाय काही जमिनीला लागले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तोच स्क्रूड्रायव्हर रंगीत कागदात गुंडाळून त्यांना भेट दिला. ही चूक होती, कारण आता तो घरी आला. फ्रिज झाला, मिक्सर झाला, शेजाऱ्यांचा पंखासुद्धा भिंतीतून तपासून झाला. बायकोचं बोलणं तेवढं तपासणीत बसत नसे. तिचा आवाज अडतीस वर्षं एकाच पट्टीत चालला होता आणि जे नीट चाललंय त्याकडे लक्ष द्यायचं नाही, हा पंपघराचा नियम होता.

बायकोची मोठी बहीण डोंगरापलीकडच्या गावी अंथरुणाला खिळली होती. तिथे जायला दोन बस बदलून साडेचार तास लागत, आणि बसच्या उंच पायऱ्यांशी बायकोच्या गुडघ्यांनी केव्हाच उभा दावा मांडला होता. तिला दर रविवारी ताईजवळ बसायचं होतं, एवढंच. संसारात तिने तोंड उघडून मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली कोणती, ते कानसेनना आठवत नव्हतं.

जावई म्हणाले, “बाबा, जुनी हायब्रिड घ्या. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते. पेट्रोल इतकं कमी लागतं की तुमच्या पेन्शनमध्ये दर रविवारी जाऊन याल. फक्त बॅटरी तेवढी तपासून घ्या. म्हातारी झालेली बॅटरी गळ्यात पडली तर सगळंच मुसळ केरात.” काय काय विचारायचं, कोणता अहवाल मागायचा, ते सगळं त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं. कानसेननी तो कागद चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.

“मेकॅनिकला सोबत न्या,” जावई म्हणाले.

“मी, आणि मेकॅनिकला सोबत नेऊ?” कानसेन म्हणाले. सासऱ्याला दुसऱ्यांदा शहाणपण शिकवायला बिचाऱ्या जावयांच्या अंगात बळ नव्हतं.

जुन्या गाड्यांचा दलाल मनुष्य मोठा गोड. त्याने पहिली गाडी दाखवली, करड्या रंगाची. कानसेननी बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, पण आवाज काही झाला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, दिवा गेला.

“मेलेली आहे,” कानसेन म्हणाले.

“नाही काका, सुरू झाली होती. ही बॅटरीवर सुरू होते. गरज लागली की मग इंजिन.”

“गरज लागली की सुरू होणारा पंप मी एकतीस वर्षं पाहिलाय,” कानसेन म्हणाले, “आणि तो गरजेच्या वेळी कधीच सुरू झालेला नाही.”

दुसरी निळी. ती उतारावर मुकी झाली, म्हणून बाद. तिसरी पांढरी, एका शिक्षिकेने अकरा वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. सोबत बॅटरीचा ताजा अहवालही होता. कानसेननी तो चष्मा न लावता वाचला आणि परत दिला. बायकोला मागे बसवून, दलालाला शेजारी घेऊन ते निघाले. गाडी छान चालली. मोठ्या चौकात लाल दिव्याला थांबली आणि इंजिन शांत झालं. इतकं शांत, की मागून बायकोचा श्वास ऐकू आला.

“अहो,” ती म्हणाली, “ताईचे डॉक्टर काल म्हणाले...”

“शू. ऐकू दे.”

“काय ऐकताय?”

“काहीच ऐकू येत नाही, तेच ऐकतोय,” कानसेन म्हणाले. “सिग्नलवर धापा टाकून बंद पडली. घाटात काय करेल?”

बायकोने तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. दलालाने मात्र त्या क्षणी कानसेनना ओळखलं. तीन महिने आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एक हिरवी हायब्रिड धूळ खात होती. जे येत ते तिचं इंजिन ऐकून, मान हलवून निघून जात. दलालाला वाटलं, देव देतो तेव्हा असा देतो.

हिरव्या गाडीत बसताच इंजिन घरघरलं. चौकात घरघरलं, उतारावर घरघरलं, गाडी आवारात परत येऊन उभी राहिली तरी घरघरतच होतं. कानसेननी बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. जणू तीन नंबरचा पंप कुणी घरी आणून दिला होता.

“ही थांबत नाही,” ते म्हणाले.

“अजिबात थांबत नाही, काका,” दलाल म्हणाला. सबंध व्यवहारात तो एक अक्षरही खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

पंधरा दिवस कानसेननी गल्लीत नुसता ढोल बडवला. मग त्यांच्या लक्षात आलं की पेट्रोलचा काटा डावीकडे फार उत्साहाने पळतोय. आधी त्यांनी काट्यावर संशय घेतला, मग पेट्रोलवर, मग शेजाऱ्यांच्या मुलांवर. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या बाईकडे गाडी नेली. तिने एक छोटं यंत्र गाडीच्या पोटाला लावलं आणि दोन मिनिटांत काढून घेतलं.

“बॅटरी संपलीय काका. चार्ज धरतच नाही. म्हणून इंजिन सारखं तिला भरत बसतं.”

“पण इंजिनचा आवाज किती निरोगी आहे.”

“हायब्रिडचं इंजिन सिग्नलला थांबायला हवं. ते थांबत नाही, हाच हिचा आजार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” नव्या बॅटरीचा आकडा तिने हळू आवाजात सांगितला. तो जवळजवळ गाडीएवढाच होता. “आणि वाटेत उगाच बंद करू नका. पुन्हा सुरू होईलच, असं मी छातीठोक सांगत नाही.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे कानसेननी आजवर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, “गाडी जरा जास्त पिते. दर रविवार जमणार नाही. महिन्यातून एकदा जाऊ.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काही बिघाड आहे असं त्यांना वाटलं नाही.

महिन्याचा तो एक रविवार आला. डबा, ताईसाठी शिवलेला मऊ सुती गाऊन, औषधांची पिशवी घेऊन बायको मागे बसू लागली, मग काय वाटलं कोण जाणे, पुढे येऊन बसली. गावाबाहेर रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. पुढे चार गाड्या, मागे दहाबारा. हिरवी गाडी जागच्या जागी घरघरत पेट्रोल पीत राहिली.

बायको काहीतरी बोलली. कानसेननी मान हलवली. ती पुन्हा बोलली. त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि मग सहज तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. इंजिनातला लहानसा खडखडाटसुद्धा टिपणारा माणूस, आणि शेजारी हातभर अंतरावर बायको रडतेय याचा त्याला पत्ता नाही. कानसेनना स्वतःची भयंकर लाज वाटली.

एकतीस वर्षांत त्यांनी चालतं यंत्र आपण होऊन कधी बंद केलं नव्हतं. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, गॅरेजवाली आठवली, आणि तरी दाबलं. घरघर थांबली. बाहेर कुठेतरी चिमण्या होत्या.

“आता सांग.”

“डॉक्टर म्हणाले, ताई फार तर सहा महिने काढेल.”

“कधी म्हणाले?”

“तुम्ही पांढरी गाडी ऐकत होतात, तेव्हा.”

कानसेननी मनात महिने मोजले. दोन गेले होते.

“महिन्यातून एकदा म्हणजे,” ती म्हणाली, “चार भेटी राहिल्या. आजची धरून.”

“दर रविवारी जाऊ.”

“पेट्रोल?”

“ही विकू. बसने जाऊ. पायऱ्यांवर मी तुला हात देईन.”

तिने डोळे पुसले आणि ताईबद्दल बोलू लागली. ताईने तिला सायकल कशी शिकवली, पडल्यावर गुडघ्याला काय लावलं, आईला काय थाप मारली. कानसेन ऐकत राहिले. यातलं एक अक्षरही त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं, आणि ती म्हणत होती की हे तिने त्यांना कितीदा तरी सांगितलंय. आगगाडी गेली. फाटक उघडलं. पुढच्या चार गाड्या निघून गेल्या आणि मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. कुणीतरी खाली उतरून आलं आणि काचेवर टकटक केलं.

“काय झालं काका? बंद पडली का?”

कानसेननी काच बोटभर खाली घेतली.

“पडली नाही,” ते म्हणाले. “मी बंद केलीय. पाच मिनिटं थांबा, ही बोलतेय.”