उकंडरावांनी निवडलेला घोयरा

धामणगाव बढ्यात उकंडरावांचं घर माझ्या घरासमोर आहे. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर काय चाललंय, हे मला माझ्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत असतं. हे माझ्या बायकोचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही.

उकंडराव बैल पाहायचे. दलाल नव्हते, कोणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. पण मोताळ्यापासून खामगावपर्यंत कोणाला जोडी घ्यायची असली की तो माणूस आदल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. बाजारात उकंडराव बैलाचा जबडा उघडून दात पाहत, खूर दाबत, वशिंडावरून हात फिरवत. मग चार पावलं मागे सरून तंबाखू मळत गप्प उभे राहत. शेवटी एकच शब्द बोलत, "घे" नाहीतर "सोड". घेणारा घ्यायचा, सोडणारा सोडायचा, आणि विकणारा मनातल्या मनात शिव्या द्यायचा.

त्यांचा एक नियम सगळ्या तालुक्याला पाठ होता. जनावर गरीब पाहिजे. अनोळखी हात अंगावर पडला तरी ज्यानं कान हलवू नये, ते जनावर खरं. पहिल्या भेटीत जे फुसफुसतं, ते दावणीला बांधू नये.

आता गावात बैल किती उरले ते बोटांवर मोजावेत. ट्रॅक्टरचे दात कोण पाहतो? ओट्यावर येणारी माणसं कमी होत होत एकच उरला, टेम्पोवाला मेहबूब. तो स्वतः अजून बैलजोडी ठेवून होता आणि उकंडरावांना विचारल्याशिवाय शेळीसुद्धा घेत नसे. बाकी दिवसभर म्हातारा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चाल पाहायचा. एकदा मला म्हणाले, "दीपक्या, तुह्या उजव्या गुडघ्यात काहीतरी हाय बे." खरंच होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नात अनुपमा बुलढाण्याहून आली. वय बारा, चष्मा, आणि तोंडात सारखं एकच, शॅमेलिऑन. तिच्या आईनं तिला परीक्षेच्या वेळी कबूल केलं होतं, कुत्रं-मांजर सोडून काहीही पाळ. पोरीनं ते काहीही फारच मनावर घेतलं.

"शॅमेलिऑन म्हंजे?" सरस्वतीकाकूंनी विचारलं.

"घोयरा गं आजी. रंग बदलतो तो. डोळे दोन दिशांना फिरतात त्याचे."

"अवं माय! ते तं बांधावर दिसलं तं लोकं गोटा घेऊन धावतात. घरात ठेवतेस?"

"बांधावरचा नाही पाळता येत, तो गुन्हा आहे. खामगावला एका दुकानात परदेशी जातीचे आलेत, कागदपत्रांसकट. मी वर्षभर वाचतेय. चांगला कसा ओळखायचा ते सगळं लिहून ठेवलंय."

आणि तिनं वही काढली. इथंच घात झाला. कारण जनावर चांगलं कसं ओळखायचं, हे त्या ओट्यावर बसून दुसरं कोणी सांगत होतं.

उकंडरावांनी तंबाखूची पुडी खिशात घातली. "वही ठेव घरी," ते म्हणाले. "जनावर मी पाह्यतो."

त्यांचा चेहरा पाहायला पाहिजे होता. दहा वर्षांत कोणी त्यांना एवढ्या लांब जनावर पाहायला बोलावलं नव्हतं. धुतलेलं धोतर निघालं, टोपी निघाली. सरस्वतीकाकू आतून म्हणाल्या, "चाळीस वर्सं बैलाचे दात मोजले, आता सरड्याची शेपूट मोजा." मी माझ्या दारातून ओरडलो, "काकू, जाताना झूल द्या बरोबर! हौसेनं आणलेलं जनावर उघडं कसं आणायचं?" गल्लीभर हशा झाला. उकंडराव हसले नाहीत. मेहबूबच्या टेम्पोत पुढच्या सीटवर ते आणि नात बसली. मी मागच्या हौद्यात उभा राहिलो. मला काही काम नव्हतं, पण असा तमाशा घरी बसून कसा सोडायचा?

दुकान खामगावात एका गल्लीच्या टोकाला. मासे, पोपटासारखी रंगीत पाखरं, पांढरे उंदीर. दुकानदार आसिम, तिशीतला, गोड बोलणारा. त्याच्याकडे दोनच घोयरे होते, जाळीच्या दोन पिंजऱ्यांत. हिरवे, डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा.

पहिला वरच्या फांदीवर होता. आम्ही जवळ गेलो तसा त्यानं गळा फुगवला, तोंड वासलं आणि असा फुसकारला की मेहबूब दोन पावलं मागे सरकला. अंग बघता बघता काळपट झालं. एक डोळा माझ्याकडे, दुसरा मेहबूबकडे.

दुसरा खाली, तळाशी टेकून बसला होता. रंग फिका. डोळे अर्धे मिटलेले. आसिमनं हात आत घातला तर तो आपोआप तळव्यावर आला आणि तिथंच पडून राहिला.

"हा पाहा," उकंडराव म्हणाले. "किती गरीब जनावर हाय."

"आबा, नाही!" पोरगी पुढं झाली. "तो आजारी आहे. दिवसा डोळे मिटलेत म्हणजे आजारीच. डोळे खोल गेलेत, पाणी कमी पडलंय त्याला. पायाची पकड बघा, बोट धरतच नाहीये. चांगला असता तर असा हातात आलाच नसता. तो वरचा चिडतोय ना, तो चांगला. त्यांना नाही आवडत कोणी हात लावलेलं. त्याला किडा देऊन बघू, जीभ सरळ मारतो की नाही."

"मले शिकवून राह्यली काय?" आवाज चढला नव्हता. त्याचाच धाक जास्त. "जे जनावर भेटल्याबरोबर जबडा दाखवते, ते घरात लेकराजवळ ठेवाचं? उद्या बोट तोडीन तुहं."

अनुपमानं आसिमकडे पाहिलं. आसिम बाटलीतल्या माशांना खाणं टाकायला लागला. आजारी माल स्वतःहून चालला होता, तो कशाला बोलेल? मग तिनं मेहबूबकडे पाहिलं. मेहबूब म्हणाला, "भाऊ की बात आखरी. मैं क्या बोलू बेटा?" शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला घोयऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरगी बरोबर बोलतेय एवढं कळत होतं. तो हातावरचा जीव ओल्या पानासारखा पडला होता. मी एक शब्द बोललो असतो तर म्हातारा कदाचित थांबला असता. पण मजा कुठल्या बाजूला आहे ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "अगं, उकंडरावांच्या नजरेपुढं तुझी वही काय सांगते? मोताळा तालुक्याला विचारून घे."

उकंडरावांची मान ताठ झाली. चार पावलं मागे सरायला दुकानात जागा नव्हती. दीड पाऊल सरले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "घे."

पिंजरा ओट्यालगतच्या खोलीत ठेवला. पोरीनं झाडाची कुंडी आत घातली, वर दिवा लावला. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, म्हणून तिनं सलाईनची जुनी नळी बाटलीला जोडून थेंब थेंब पाणी पानांवर सोडलं. दोन दिवस गाव जत्रेसारखं लोटलं. "रंग कधी बदलते हो?" "बदलीन, बदलीन," उकंडराव सांगत. "नवी जागा हाय. बुजलं."

रंग बदलला. फिक्याचा आणखी फिका झाला.

तिसऱ्या दिवशी तो फांदीवरून पडला. पोरीनं उचलून ठेवला, तर पुन्हा पडला. उकंडराव सोयाबीन निघालेल्या शेतात जाऊन नाकतोडे धरून आणत. अडुसष्ट वर्षांचा माणूस धोतर खोचून नाकतोड्यामागे उड्या मारतोय, हे दृश्य मी चार लोकांना बोलावून दाखवलं. नाकतोडा घोयऱ्याच्या नाकासमोरून चालत जाई, अंगावर चढून बसे. घोयऱ्याची जीभ बाहेर येत नव्हती.

"आबा, बुलढाण्याला डॉक्टर आहेत जनावरांचे. आज नेऊ."

"काही गरज नाई."

"आबा, तो मरेल."

"मी सांगतो ना, ठीक होईन! चाळीस वर्सांत माह्या हाताचं एक जनावर मेलं नाई."

मी माझ्या ओट्यावरून ऐकत होतो. डॉक्टरकडे नेणं म्हणजे मेहबूबचा टेम्पो बोलावणं. टेम्पो आला की गल्ली विचारणार, कुठं चाललात? त्या प्रश्नाचं उत्तर उकंडरावांना द्यायचं नव्हतं. सरस्वतीकाकू एवढंच म्हणाल्या, "तुमची इज्जत त्या पिंजऱ्यात टाका अन् जा घेऊन." ते उठले नाहीत. मी मात्र उठून विचारून आलो, "काय उकंडराव, सोडायचा की ठेवायचा?"

आठव्या दिवशी सकाळी तो तळाशी पालथा होता. मेल्यावर एका बाजूनं गर्द हिरवा झाला, दुसऱ्या बाजूनं तसाच राखाडी. पोरगी रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं नळी बंद केली, दिव्याची पिन काढली, आणि आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला दिसत होतं ना आबा?"

उकंडरावांनी पिंजऱ्याचं दार लावलं.

"दुसऱ्याच दिवशी दिसलं," ते म्हणाले.

तिनं फोन करून आईला बोलावून घेतलं. दुपारच्या एसटीनं आईबरोबर बुलढाण्याला निघून गेली. चार दिवसांची सुट्टी शिल्लक होती.

'दुसऱ्याच दिवशी दिसलं' हे वाक्य ओट्यावर बोललं गेलं आणि ऐकणारा मी होतो. संध्याकाळपर्यंत ते चौकात होतं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर माझ्या आधी पोचलं होतं. मेलेलं जनावर सगळे विसरले असते. बैल मरतात, म्हशी मरतात. पण दिसत असून म्हातारा गप्प बसला, नातीच्या हातातलं जनावर मरू दिलं, पण चुकलो म्हटलं नाही, याला फार चव होती. त्यांचं नाव घोयराबुवा पडलं. ते मी ठेवलं, असं लोक म्हणतात. मी नाही म्हटलेलं नाही.

पंधरा दिवसांनी मेहबूब टेम्पो घेऊन आला. त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता, म्हणून जुनी जोडी काढून नवी घ्यायची होती. गल्लीत लोक दात घासत उभे होते. मेहबूबनं हॉर्न वाजवला, "भाऊ, चलो. बाजार लगेगा."

उकंडराव बाहेर आले. टोपी तीच, धोतर धुतलेलं. मला वाटलं नव्हतं ते येतील. चढून पुढच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं. पाठीतला वाक थोडा निघाल्यासारखा दिसला.

मी तोंडातली दातवणाची काडी काढली.

"मेहबूबभाई! बैलाची जीभ किती लांब फेकली जाते तेवढं पाहून घ्या बरं! अन् डोळे मिटून बसलेलाच आणजा, तो गरीब असतो!"

हशा असा उठला की समोरच्या गोठ्यातलं वासरू बिचकलं. मेहबूबसुद्धा हसला. हसू दाबायला त्यानं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. उकंडरावांनी ते खांदे पाहिले. दार उघडलं आणि उतरले. "तू जाऊन ये," म्हणाले. मेहबूब, "अरे भाऊ, मजाक है, बैठो," म्हणत राहिला. ते ओट्यावर जाऊन बसले, तेव्हा तो एकटाच गेला.

दिवस मावळायच्या आत जोडी आली. पांढरीशुभ्र, उंच, शिंगांना ताजा रंग. मेहबूबनं मुद्दाम उकंडरावांच्या ओट्यासमोर उतरवली. सकाळचं त्याच्या मनाला लागलं असावं. सगळी गल्ली जमली. मी पहिल्या रांगेत.

"भाऊ, एक बार देख लो. तुम बोले तो रखता, नही तो कल वापस. सौदा वैसाच हुआ है."

उकंडराव बसल्या जागेवरून पाहत राहिले. दात पाहायला उठले नाहीत. खूर दाबले नाहीत. मेहबूबनं दोन्ही बैल त्यांच्यासमोरून चालवत नेले, वळवून परत आणले. त्यांची नजर खाली होती, डाव्या बैलाच्या मागच्या पायावर.

"भाऊ?"

"मले नाई समजत त्यातलं," उकंडराव म्हणाले.

लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मेहबूब कासरा ओढून जोडी आपल्या घराकडे घेऊन गेला.

डावा बैल मागचा पाय टेकला की लगेच उचलून घेत होता. ते मलाही दिसत होतं.