उभ्या गाडीचे मामा

पळत्या गाडीवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण उभ्या गाडीवर जीव टाकणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी कुठल्याही सभेत उठून सांगायला तयार आहे. गाडी किती वेगाने पळते, किती सरासरी देते, यात आमच्या या मामेसासऱ्यांना काडीचाही रस नाही. "पळताना काय, सगळ्याच गाड्या शान्या दिसत्यात," ते म्हणतात. "उभी असताना कशी चालतीया ते बगा, पाव्हणं." गाडी जागेवर उभी, रेसवरचा पाय काढलेला आणि इंजिन आपलं आपण हळू चाललेलं, या अवस्थेला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. मामांचं आयुष्य त्या स्लोमध्ये गेलं. मूळचे वळसंगचे, एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात साहेबलोकांच्या जिपा आणि मोटारी सांभाळता सांभाळता निवृत्त झाले, सोलापुरात यंत्रमागाच्या शेडला लागून घर घेतलं आणि दारात स्वतःची जुनी पांढरी गाडी उभी केली. उभी केली ती बहुतेक वेळ उभीच असते, पण चालू.

स्लो जुळवायचा म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायची. हे शास्त्र मामांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगितलं, पुरणपोळीच्या ताटावर. "पेट्रोल आन ठिणगी म्हंजी नवराबायको. ठिणगी लवकर आली की भांडण, उशिरा आली की रुसवा." जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचं एक डबडं असतं. त्याचा बोल्ट ढिला करून ते केसभर इकडे फिरवलं की ठिणगी लवकर पडते, केसभर तिकडे फिरवलं की उशिरा. बाकीचे मेकॅनिक त्यासाठी खास दिवा लावून खुणा बघतात. मामांच्या मते दिवा लावून इंजिन बघणं म्हणजे बॅटरी मारून बायकोचा चेहरा बघणं. ते डावा तळहात मडगार्डवर टेकतात, डोळे मिटतात आणि उजव्या हाताने डिस्ट्रिब्युटर फिरवत इंजिनाशी कानडीत बोलतात. माणसांशी मराठी, इंजिनाशी कानडी, हा त्यांचा नेम. "बा, बा, इन्नू स्वल्प बा," अशी थोडं आणखी पुढे येण्याची आर्जवं चालतात आणि मग एकदम "साकु!" म्हणजे पुरे, झालं. त्यानंतर एअर फिल्टरच्या झाकणावर काठोकाठ भरलेला ताकाचा पेला ठेवायचा. ताकावर सुरकुती उठली नाही तर गाडी पास. मामी म्हणतात, "आमच्यात ताक माणसांपेक्षा इंजिनालाच जास्त लागतं."

हा छंद त्यांनी घरापुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. पण सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी गाडीची काच वाजवून, "तुमची अडखळतीया की वो," असं सांगणं त्यांना मनापासून समाजकार्य वाटे. एका गृहस्थांना वाटलं की मामा त्यांच्या बोलण्याबद्दल बोलतायत. ते खरोखरच थोडे अडखळत बोलत असल्यामुळे प्रकरण हातघाईवर आलं, आणि शेवटी त्या गृहस्थांच्या गाडीचा स्लो जुळवूनच मिटलं. कहर झाला तो माझ्या चुलतसासऱ्यांच्या अंत्ययात्रेला. दारात शववाहिका म्हणून एक जुनाट पेट्रोल व्हॅन थरथरत उभी होती. घरात रडारड चाललेली, भटजी घाई करतायत आणि मामा कुठेत म्हणून शोधलं तर ते व्हॅनच्या इंजिनावर ओणवे झालेले. कुणीतरी रागावलं. मामा मान वर न करता म्हणाले, "आयुष्यभर एस्टीनं हादरत गेला बिचारा. आज तरी नीट जाऊ दे की." व्हॅन निघाली तेव्हा तिचा आवाजसुद्धा येत नव्हता, आणि डोळे पुसता पुसता माझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "केलं हो मामांनी त्यांचं नीट."

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचा स्लो बिघडला, ही बातमी मामींनी फोनवर दिली तेव्हा माझा विश्वास बसेना. रोज सकाळी मामा इंजिनावर ओणवे होत, रोज म्हणत की थरथर जात नाही, रोज डिस्ट्रिब्युटर फिरवत आणि रोज गाडी आणखी बिघडे. शेवटी सात रस्त्याच्या चौकात मधोमध ती बंद पडली, मागून एस्टी आली आणि वीतभर अंतरावर थांबली. "मी पदर तोंडात धरून बसले होते," मामी म्हणाल्या. "आणि हे म्हणतात, पेट्रोलमदी भेसळ हाय."

मामांची मुलगी अश्विनी पुण्यात इंजिनं चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. तिला घेऊन मी त्याच शनिवारी सोलापूर गाठलं. मामा बॉनेट उघडून वाटच बघत होते. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग असे खडखडत होते की शेजारच्याचं बोलणं कानाशी येऊन ऐकावं लागे. इंजिनाचा आवाज कुठला ऐकू यायला! मामांनी नेहमीप्रमाणे डावा हात मडगार्डवर टेकला, डोळे मिटले आणि बोल्ट ढिला केला. "बा, बा," सुरू झालं. उजवा हात जरा जास्तच फिरला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. मला पंखा थांबलेला दिसला, अश्विनीलाही दिसला. मामांचे डोळे मिटलेलेच होते. ते ओरडून म्हणाले, "बगा, अजून थरथरतंय! कळतंय का? अजून हाय की!"

आम्ही दोघं त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. तो मडगार्डवर बारीक बारीक नाचत होता.

अश्विनी पुढे झाली, तिने त्या हातावर आपला हात ठेवला आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, गाडी बंद पडलीय."

मामांनी डोळे उघडले. थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, मग हाताकडे. पाना पुसून पेटीत ठेवला आणि आत जाऊन पाणी प्यायले. तांब्या दोन्ही हातांनी धरला होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. अश्विनीने सुचवलं की ठिणगीची वेळ सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी गाडीला बसवू, डिस्ट्रिब्युटर नुसती ठिणगी वाटून देईल, वेळ डबी ठरवेल. मामा भडकले. "माझ्या गाडीला मास्तर नको." महिनाभर गाडीवर चादर होती. मामी सांगत होत्या, जेवताना घास सांडला की ते ताट घेऊन परसात जाऊन बसतात.

पुढच्या खेपेला आम्ही जेवून बसलो होतो. मामांनीच विषय काढला. "ती तुजी डबी करती काय नेमकं?"

"बाबा, उभ्या गाडीत इंजिनाची गती सारखी खालीवर होते. खाली गेली की डबी ठिणगी जरा लवकर पाडते, वर गेली की जरा उशिरा. हवा कमीजास्त करून परिणाम दिसायला वेळ लागतो. ठिणगी पुढच्याच फेऱ्याला ऐकते."

"म्हंजी हालनं बंद होत न्हाय."

"नाही. हलणारच. जेवढं हलतं तेवढं ती सावरते."

"सारखं?"

"सारखं."

मामा मांडीवरच्या हाताकडे बघत होते. "बसव मग," म्हणाले.

दोन दिवस बापलेक राबले. ती वायरी जोडत होती, ते एका जुन्या खुर्चीत बसून सूचना देत होते आणि त्यातल्या निम्म्या सूचना तिला खरंच लागत होत्या. गाडी चालू झाली तेव्हा लॅपटॉपवर ठिणगीची रेघ नागमोडी पळत होती आणि गतीची रेघ जवळजवळ सरळ. मामांनी दोन्ही रेघा नीट बघितल्या. "लई कष्ट करतीया की ही," ते म्हणाले. एवढंच सर्टिफिकेट.

आता ती गाडी मामी चालवतात. बासष्टाव्या वर्षी शिकल्या. मामा शेजारी बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत, असं मामी म्हणतात. मला ते पटत नाही.

गेल्या दिवाळीत मी नवी गाडी घेऊन गेलो. मामा ओट्यावर बसूनच मुलांची चौकशी करत राहिले, गाडीकडे आले नाहीत. मला ते सहन होईना. मी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि म्हणालो, "मामा, जरा बघता का? आवाज वेगळाच वाटतोय."

ते सावकाश उतरून आले. आत डोकावले. वरती नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण, फिरवण्यासारखं काहीही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, तुमास्नी खोटं बोलता येत न्हाय."

मी ओशाळून किल्लीकडे निघालो. "बंद करू?"

शेडला सुटी असल्यामुळे सगळी गल्ली शांत होती. मामा मान किंचित तिरकी करून ऐकत उभे होते.

"ऱ्हाऊ द्या की जरा," ते म्हणाले. "बरं चाललंय."