पाकिटावर काय लिहू?

कुठल्याही बाईला पत्र पाठवायचं असलं की आमच्या जावकबाई आधी तिला फोन लावायच्या आणि विचारायच्या, "पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहू?" सरकारी कचेरीतून असला प्रश्न आला की समोरची बाई गोंधळणारच. एकीने तर "मी ओटीपी देणार नाही" म्हणून फोन आपटला. जावकबाईंनी दहा मिनिटांनी तो पुन्हा लावला.

मालवणच्या आमच्या कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक नोंदवहीत चढवायचा हे त्यांचं काम, म्हणून त्या जावकबाई. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात होतं, तिथून ते फारसं बाहेर पडलं नाही. त्या वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या टेबलाशी मी बसते, पण टेबल अजून त्यांचंच. तिथे कुणी थुंकी लावून पाकीट चिकटवायला गेलं, तर माझाही हात आपोआप डिंकाच्या बाटलीकडे जातो.

कचेरीत संगणक आला, पत्त्यांच्या पट्ट्या छापून येऊ लागल्या. त्या यादीत बाईमाणूस दिसलं की आपोआप 'सौ.' लागायचं. जावकबाई ती पट्टी काढून पेनाने पत्ता लिहीत बसायच्या. हेडक्लार्क वैतागायचे. "बाई, पुरुषांना विचारता का कधी?" बाई चष्म्यावरून बघायच्या. "त्यांचं सोपं आहे हो. लग्न झालं तरी श्री., मोडलं तरी श्री., बायको गेली तरी श्री.! आमची मात्र घरातली सगळी हकिकत पोस्टमनला कळायला हवी." हेडक्लार्क विषय बदलून रजेच्या अर्जावर घसरले.

मला आधी वाटायचं, बाईंना समस्त महिलावर्गाला 'श्रीमती' करून टाकायचंय. छे! इन्सुलीची एक म्हातारी फोनवर ठणकावून म्हणाली, "माजो घोव गेलो, ता काय मी चोरून ठेवू? गंगाभागीरथी लिवा. सगळा लिवा, अर्धा नको." बाईंनी अख्खं 'गंगाभागीरथी' लिहिलं, पत्त्याला जागा उरली नाही. कुडाळच्या एका निवृत्त शिक्षिकेला सदुसष्टाव्या वर्षी 'कुमारी'च हवं होतं. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. बाई हसल्या नाहीत. "जिचा नाव, तिची मर्जी. तुमका कित्याक गुदगुल्यो होतत?" म्हणाल्या आणि खणातला खाज्याचा डबा त्या दिवशी आमच्यासाठी उघडलाच नाही.

मग हाच प्रश्न माझ्यावर आला. माझा घटस्फोट होऊन चार महिने झाले होते. नोकरीत कायम झाल्याचं पत्र निघायचं होतं आणि त्याची एक प्रत माझ्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे दोडामार्गला आईकडे जाणार होती. वडील वारल्यापासून आई एकटी. चेडवाची, म्हणजे लेकीची, नोकरी मालवणात, म्हणून ती तिथे राहते, एवढंच तिने वाडीत सांगितलेलं. मी फोनवर पत्राचं बोलले तर म्हणाली, "सौ. लिवन घे, तुजा काय जाता? पोस्टमन अंगणात उभो रवान मोठ्यान नाव वाचता. सौ. नसलेला पत्र ह्या घरात येता नये. आला, तर तूय येव नको."

माझी आई बोलते ते करते. मी दोन रात्री रडून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगून म्हटलं, "सौ.च लिहा. आईला बरं वाटेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पत्र कोणाक? आवशीक की तुका?"

"मला."

"मगे आवशीक काय होया, ता आवशीच्या पत्रावर लिवया. तुका काय होया, ता सांग. घाय नाय."

घाई कशी नाही? त्या महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या! हेडक्लार्क रोज विचारायचे, पत्र का अडलंय. बाई रोज सांगायच्या, "पत्ता अपुरा आहे." शेवटच्या दिवशी नारळ-शाल झाली, भाषणं झाली, फरसाण संपलं आणि बाई पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. माझं पाकीट समोर घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"श्रीमती," मी पुटपुटले.

"मोठ्यान सांग गो. तुजाच नाव ता."

"श्रीमती!" मी इतक्या जोरात म्हटलं की साहेब केबिनमधून बाहेर आले. बाईंनी ते लिहिलं, पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नोंदवहीत त्यांच्या हातची शेवटची नोंद माझी आहे. कसं पाठवलं त्या रकान्यात त्यांनी 'टपाल'ऐवजी 'समक्ष' लिहिलं.

"समक्ष नेणार कोण?" हेडक्लार्कनी विचारलं.

"मी. उद्यापासून मोकळीच आहे की."

बाईंना एसटी लागायची. कुडाळला जायचं म्हटलं तरी मुठीत लिंबू धरून बसायच्या. त्या बाईने निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी दोन ठिकाणी गाडी बदलून दोडामार्ग गाठलं. मी कचेरीत दिवसभर जीव मुठीत धरून होते. आईने दारातूनच घालवलं तर? बाईंचा अपमान होईल तो होईल, आणि माझं माहेर कायमचं तुटेल.

संध्याकाळी आईचा फोन आला. "तुजी ती बाई येवन गेली."

"पत्र घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलंय. तेच्यार काय लिवला ता मी बघूकय नाय. तिना चाय घेतल्यान आणि माका इचारल्यान, तुमका पत्र धाडूचा झाला तर वर काय लिवू?" आईचा आवाज ओला झाला. "माका पत्रा येतत ती तुज्या बापाशीच्या नावान. कैलासवासी अमक्याची बायको. पासष्ट वर्सांची झालंय मी, माका कोणी ह्या इचारूक नाय गो कधी."

"मगे काय सांगलंस?"

"सुमती लिवा म्हटलंय. नुसता सुमती."

मी कचेरीच्या पायरीवर बसले आणि भर बाजारासमोर हुंदके देऊन रडले.

"रडतंस कित्याक?" आई म्हणाली. "शेनवारी घराक ये. येताना मालवणातले बांगडे घेवन ये."