जेवणाआधी शेवटची बांधी

ज्या गावाचं उदाहरण देऊन मी सभागृहात टाळ्या मिळवल्या, त्या गावात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रवासाचं कारणच ते आहे.

व्याख्यान भंडाऱ्याला होतं, महिला बचतगटांच्या मेळाव्यात. विषय, गरिबी आणि बदलतं हवामान. माझ्या हातात एका संशोधन संस्थेचा अहवाल होता. हवामानाच्या फटक्यापुढे कोणतं गाव किती दुबळं, याचा त्यात रंगीत नकाशा होता. लाल, पिवळी, हिरवी गावं. भंडाऱ्याजवळच्या करडी गावाच्या पलीकडचं एक गाव हिरव्या रंगात होतं. मी माइकवर गरजले, "बघा! जुना तलाव, भोवती धान आणि गाव सुखरूप! पूर्वजांनी बांधलेलं आजही तारतंय!" टाळ्या अशा पडल्या की मला माझंच बोलणं खरं वाटायला लागलं.

मंचावरून उतरले तर समोर पन्नाशीची एक बाई उभी. देवकाबाई.

"मॅडम, ते हिरवं गाव आमचं आहे," ती म्हणाली. "तलाव आहे, खरं आहे. पण त्याचं तुडूम फुटलं." तुडूम म्हणजे तलावाच्या बांधाखालचं पाणी सोडायचं दगडी दार. "बंदच होत नाई. पावसाळाभर पाणी गळून जाते, आणि धान निसवाच्या वेळी तलावाचं पाणी बुडाले लागते. दुरुस्तीची यादी निघून राहिली आहे. लाल गावाले आधी. आम्ही पडलो हिरवे."

"मग सर्वेक्षणवाल्यांना सांगितलं का नाही?"

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "रविवारी ते पुन्हा येऊन राहिले, तपासाले. तुम्ही बोलता चांगल्या. या ना."

मी शनिवारी निघाले. ऑक्टोबरचा मध्य होता. या भागात यायचं तर हाच महिना निवडा. ऊन अजून बोचतं, पण धानाचा वास वाऱ्यावर असतो. नागपूरहून भंडाऱ्याला एसटी सारख्या सुटतात. हायवे गुळगुळीत आहे, दीड-दोन तासांत पोचता, आणि बाई असाल तर तिकीट अर्धं. शहापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून तर्री घातलेले पोहे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी बशी मागितली. भंडाऱ्याहून पुढे मात्र घड्याळ विसरायचं. करडीकडच्या गाड्या कमी. मी काळीपिवळीत बसले, म्हणजे दोन बायका, एक कोंबड्यांची टोपली आणि ड्रायव्हरचा कोपर यांच्यामध्ये स्वतःला कोंबलं. वैनगंगेचा पूल ओलांडताना सगळे एकदम गप्प झाले आणि पाण्याकडे बघायला लागले. रोज जाणारी माणसंसुद्धा! मला ती गप्प माणसं फार आवडली.

करडीच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं तलावाचं पाणी उताराने चालत जातं. देवकाबाईंचं गाव अशाच उताराच्या माथ्यावर आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे वाचाल तर कळेल.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चुलीवरचे आयते खाल्ले. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार, कडेला कुरकुरीत. सोबत कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्यांची भाजी. त्यांचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. शेत त्याच बघतात. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता मात्र देवकाबाई बोलल्या.

"काय सांगू मॅडम. ती अनघा नावाची पोरगी आली होती कागद घेऊन. ऊन लागलं होतं तिले. म्हटलं आधी जेव. जेवली. मग पानावर बसल्या बसल्याच विचारते, काकू, धान पुरते का? पाणी पुरते का? कधी एक वेळ उपाशी राहता का? आता सांगा, जे माणूस माझ्या घरचं खाऊन राहिलं, त्याले मी म्हणू का आमच्या घरी पुरत नाई? घास अडकला असता तिचा! म्हटलं, पुरते बाई, सगळं पुरते. घे अजून भात."

"आणि बाकीची घरं?"

"सारं गाव तसंच. ती जिथं गेली तिथं जेवली. कोनी उपाशी जाऊ देलं नाई, आणि कोनी खरंही सांगितलं नाई."

मी हसले, आणि लगेच हसू गिळलं. पाहुण्याच्या पानावर दुःख वाढायचं नाही, ही या गावाची सभ्यता होती. त्या सभ्यतेचा कागदावर रंग उतरला हिरवा. आणि मी, पुस्तकांची कपाटं वाचून संपवलेली बाई, त्या हिरव्यावर गरजून आले!

यंदा पाऊस कसा झाला, मी विचारलं. "तीन दिवसांत सारा," देवकाबाई म्हणाल्या, "मग तोंड फिरवून बसला. आधी कसा, थोडा थोडा, महिनाभर येत राहे." त्यांची बांधी ओळीत सगळ्यात शेवटची. वरच्या बांध्या भरतात, त्यांच्यापर्यंत पाणी येता येता संपतं. आणि आता धान पोटरीत होतं. आठवडाभरात पाणी मिळालं तर निसवणार, म्हणजे लोंब बाहेर येणार, नाही तर आत सुकणार. वर्षभराचा तांदूळ त्या आठवड्यावर होता.

"तुडूम कोण सांभाळतं?"

"माझे भासरे. दसारामजी. त्यायची बांधी पहिली." भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्याशी ही बाई लग्नापासून समोरासमोर एक शब्द बोललेली नाही. भांडण नाही. रीत आहे. काही सांगायचं तर कुणाच्या तरी मार्फत, नाही तर भिंतीला.

रविवारी सकाळी समाजमंदिरात सगळे जमले. अनघा आली. तिशीची, सरळ, दमलेली, उन्हाने रापलेली मुलगी. मी मनात तिला भाषणातला खलनायक करून ठेवलं होतं, ते तिने पहिल्या पाच मिनिटांत मोडलं. सगळ्यांसमोर म्हणाली, "मागच्या वेळी माझं काहीतरी चुकलं असेल. म्हणून परत आले."

मागे चुलींवर मोठ्या गंजांत, म्हणजे पातेल्यांत, भात आणि कोंबडीचा रस्सा शिजत होता. वासाने सभेचं लक्ष तिकडेच. मी उभी राहिले आणि बोलले. मोठ्याने आणि मनापासून बोलले. शहरात बसून गावाचा रंग ठरवणाऱ्यांना झोडलं, गळणाऱ्या तुडुमाचं पाणी म्हणजे गावाचं रक्त असं म्हटलं, हात उंचावून विचारलं, "तुम्ही गप्प बसणार का?" टाळ्या! एक म्हातारे तर उठून उभे राहिले.

मग दसारामजी उठले. उंच, पांढरी टोपी, हातात काठी. अनघाकडे बघून म्हणाले, "मॅडम लई छान बोलल्या. असं भाषण आमच्या गावात झालंच नव्हतं. पण तुम्ही घाबरू नोका बाई, आमच्या गावाले काई कमी नाई. तुडूम थोडं गळते, गळू द्या. चला, जेवाले बसा."

झालं. माझी वीस मिनिटं एका वाक्यात संपली. माणसं उठली, पत्रावळी पसरू लागली. अनघाने वही मिटली. मी घामेजून उभी.

तेवढ्यात देवकाबाई भाताच्या गंजासमोर जाऊन उभ्या राहिल्या. झाकणावर हात ठेवला.

"कोनी वाढाचं नाई," त्या म्हणाल्या. बघत होत्या माझ्याकडे, बोलत होत्या भासऱ्यांशी. "मॅडम, त्यायले सांगा, पाहुणी आज आधी शेवटची बांधी पाहील, मग जेवल."

पत्रावळी पसरणारे हात जागीच थांबले. दाराशी आलेल्याला उपाशीपोटी उन्हात चालवायचं? या गावात?

"काहून वो, वेड लागलं का तुले?" मागून एक बाई पुटपुटली. "पाहुणीले उपाशी ठेवतेस?"

"हो. जेवली का मग माझ्या तोंडून खरं निघत नाई."

दसारामजी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तिले सांगा, गावाची इज्जत जाऊन राहिली."

"त्यायले म्हणा," देवकाबाई म्हणाल्या, "इज्जत जाईल नाई तर धान जाईल. मी धान ठेवतो."

मी काही सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू येत होतं.

अनघा आधीच चपला घालत होती. मग सारं गाव निघालं, उपाशी, कुरकुरत, पोरांना ओढत. दसारामजींच्या बांधीत पाणी घोट्याएवढं होतं, धान गर्द हिरवं. पाचवीपर्यंत चिखल. दहाव्या बांधीपासून धुऱ्यावर धूळ उडायला लागली. शेवटच्या बांधीत भेगा होत्या, माझी बोटं आत जातील एवढ्या. देवकाबाईंनी धानाचं एक ताट उपटून नखाने चिरलं. आत कोवळं, पांढरं लोंब होतं, अडकलेलं.

"याले पाणी पाह्यजे," त्या अनघाला म्हणाल्या. "याच आठवड्यात. आता विचार, काकू पुरते का म्हणून."

"पुरतं का काकू?"

"नाई पुरत."

तो शब्द बाहेर आला तशा आणखी दोन बाया बोलल्या, मग एक गडी, मग सगळेच एकदम. अनघा धुऱ्यावर मांडी घालून लिहीत बसली. मधेच वर बघून मला म्हणाली, "ताई, सर्वेक्षणाच्या फॉर्मात प्रत्येक घराचा रकाना आहे. त्या घराची बांधी उतारावर कितवी, याचा नाही. तो मी घालणार आहे."

दसारामजी बाजूला उभे होते. खाली वाकून त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं, तळहातावर फोडलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "इकडे मी या साली आलोच नव्हतो." मग टोपी नीट केली. "चला. भात थंडा होऊन राहिला."

जेवण फार छान होतं. तीन बायांनी मला आग्रह करून करून वाढलं, आणि मी नाही म्हणायचं सोडून दिलं.

नागपूरला परत आले. ब्लॉगवर खर्च विचारता म्हणून सांगते, जाण्यायेण्यापेक्षा जास्त मी पोह्यांवर उडवले, आणि गावात कुणी एक रुपया घेतला नाही. घरी आल्यावर अहवाल पुन्हा उघडला. त्यात खोटं काहीच नव्हतं. विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरं प्रामाणिकपणे मोजलेली होती. म्हणून मला आता जास्त राग येतो! धोरण ओट्यावर बसून बनतं, पहिल्या घराच्या पहिल्या चहावर, आणि दुष्काळ असतो शेवटच्या धुऱ्यावर. तिथे पायी जावं लागतं. माझ्यासारख्या बोलणाऱ्यांनी तर आधी. पुढच्याच व्याख्यानात मी उभी राहून म्हटलं की मागच्या वेळी मी चुकीचं बोलले. टाळ्या कमी पडल्या.

तुम्ही भंडाऱ्याकडे गेलात तर तलावाचे फोटो काढा, आयते खा, पण कुणाच्याही घरी जेवायच्या आधी त्यांचं शेत बघायला मागा. जेवणानंतर ती माणसं तुम्हाला खरं सांगणार नाहीत. ती तेवढी चांगली आहेत.

गावाहून परतल्यावर नऊ दिवसांनी देवकाबाईंचा फोन आला होता. यादी अजून आलेली नव्हती. तुडूम तसंच गळत होतं. पण मी निघाले त्याच्या दुसऱ्या सकाळी दसारामजींनी स्वतःच्या बांधीचं तोंड मातीने बुजवलं होतं, आणि तलावात उरलेलं पाणी धुऱ्याकडेने चर काढून सरळ शेवटाकडे सोडलं होतं.

"तुम्हाला काही म्हणाले?"

"मले कशाले म्हणतील? धुऱ्यावर उभे होते फावडं घेऊन, दुपारपर्यंत. मी इकडच्या धुऱ्यावर. मी बोलली नाई, ते बोलले नाई."

"आणि धान?"

"एका कोपऱ्याचं गेलं मॅडम," त्या म्हणाल्या. "बाकी निसवलं."