भिकाजीची विश्रांती

रत्नागिरीच्या लॅबमध्ये रक्त काढता काढता मला अठरा वर्षं झाली. तोंडाची मी फटकळ, लपवत नाही. त्याचंच एकदा फळ मिळालं.

भिकाजी लांज्याकडचा पाडेली, गावभरचे नारळ काढायचा. तिशी गाठायच्या आतच त्याची कंबर सकाळी ताठ व्हायला लागली. आणि दोन-चार माड चढला की मोकळी व्हायची! कुणाला खरं वाटणार? त्याच्या आईने, म्हणजे सखूमावशीने, देवळात कौल लावला, पोराने माडावर चढावं का? डावा कौल पडला, म्हणजे नाही. झालं. मावशीने त्याला कळशीसुद्धा उचलू दिली नाही. सकाळची पेज अंथरुणात, चहा अंथरुणात, सहा वर्षं. मायाच ती, पण मला राग येतो तो येतोच.

मान वळेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी एचएलए-बी२७ तपासायला सांगितलं. रक्त मुंबईला पाठवायचं होतं. ही खूण जन्मापासून रक्तात असते, ती असलेल्या सगळ्यांनाच त्रास होत नाही. पण अशा कंबरेबरोबर सापडली तर आजार ओळखायला मदत होते, एवढं मी मावशीला समजावलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. भिकाजी एकटाच डॉक्टरांकडे आत जाऊन आला आणि माझ्यापाशी हळूच बोलला, "मणके जुळले, ताई. जुळले ते आता सुटायचे नाहीत. पडून राहिलो तेच वाईट झाला. उरलंय तेवढं वाचवायचं तर रोज चालायला हवं."

तेवढ्यात मावशी आली. "काय म्हणाले रे?"

"तू बसवलंस म्हणून एवढा तरी राहिलो, आये."

मावशीचा चेहरा उजळला. "मग आता अजिबात उठायचं नाय."

मला राहवलं नाही. "मावशी, खोटं सांगतोय तो. झोपवून ठेवलंत म्हणून पाठ जास्त गेली. आता तरी चालू द्या त्याला."

मावशी बाकावर बसली. मग पिशवी तिथेच टाकून बाहेर निघून गेली.

भिकाजीला नुसती मान वळवता येत नाही. तो अख्खा माझ्याकडे वळला.

"कशाला सांगितलात, ताई? मी तिला चोरून चाललो असतो."