मिठाचा शेक

रोह्याच्या कंपनीतल्या शिफ्टला वैतागून मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागले, ते नव्वदच्या दशकात. तिथे आम्ही लोखंडाचे कण बनवायचो, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते रक्तात सोडले की चुंबकाच्या मोठ्या मशीनमध्ये रोगट धमनी ओळखू यावी, यासाठी सगळी खटपट. अजून सशांवरच चाललं होतं.

आणि इकडे पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात बाबांचा डावा पाय गार पडत चालला होता. जन्मभर मिठागराचा चिखल अनवाणी तुडवलेला माणूस, त्यात विडी सुटेना. चार पावलं चालले की पोटरी धरायची. पेणच्या डॉक्टरांनी पावलाची नाडी चाचपली, ती लागलीच नाही. धमनी तुंबलीय, मुंबईला नेऊन अँजिओग्राफी करा, म्हणाले. मी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. बाबांना गंमत म्हणून आमच्या कणांची बाटली दाखवली. चुंबक लावला तसं काळं पाणी काचेवर सरकलं. हेच घाल की माझ्या पायात, म्हणाले. कपाळ माझं! सशांचं औषध बापाला कसं देऊ?

मी मुंबईला परतले. पाय गार लागतोय म्हणून आईने जाडं मीठ तव्यावर भाजलं आणि फडक्यात बांधून टाचेला शेक दिला. आमच्याकडे कंबर धरली तरी मीठ, दाढ सुजली तरी मीठ. पण त्या पायाला चटका कळतच नव्हता. मी न्यायला आले तेव्हा टाच भाजून काळी पडली होती. डोक्यात अशी तिडीक गेली, की आईचं तोंड बघवेना.

अँजिओग्राफी राहिलीच. धमनी कदाचित मोकळी करता आली असती, पण भाजल्या जागेपासून सडत वर चढलंय, असं सर्जन म्हणाले. पाय गुडघ्याच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी कारण विचारलं. मी रागारागात खरं ते सांगून टाकलं. त्यांनी माझा हात धरला.

"आयला सांगू नको. रोगानंच गेला म्हण."

मी तसंच सांगितलं. आईला ते खरं वाटलं.

घरी आल्यावर बाबांना तोच, नसलेला पाय दुखायला लागला. टाच गार पडते म्हणायचे. आईने लगेच चुलीवर तवा ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. आई गरम पुरचुंडी घेऊन आली आणि कुठे ठेवावी ते न कळून उभी राहिली. बाबांनी गोधडीवरची रिकामी जागा दाखवली.

"हितं ठेव गो."

तिने ठेवली, आणि वरून हाताने दाबून धरली.