घर जळालं म्हणे

"या, इथं पुढं बसा. आज आपल्याकडं जिवंत नमुना आहे," सर म्हणाले.

नमुना म्हणजे मी. परभणीला एम.ए. करत होते. मुलाखत घ्यायची कशी आणि माणूस आपल्यावर गुदरलेलं सांगतो ते सांगणं उकलायचं कसं, असा पेपर. कथन-विश्लेषण. मला त्याचं लय वेड. सरांनी मला फळ्यापुढच्या खुर्चीत बसवलं, टेबलावर टेप ठेवला आणि वर्गाला म्हणाले, "नामांतराच्या वेळी यांच्या वस्तीत दंगल झाली होती. विचारा यांना." मला आधी एका शब्दानं विचारलं नाही. बाजारात दात बघायला जनावर उभं करतात, तशी बसले.

सांगितलं मी. अकरा वर्षांची होते. विद्यापीठाला आमच्या माणसाचं नाव द्यायचं ठरलं आणि भर दुपारी गावातले लोक वस्तीवर आले. काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचा डबा. "नाव पायजे व्हय रे तुमाला?" बापाचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, ठेचला. हाड बाहेर आलं. मायला झिंज्या धरून फरफटत नेलं. मग घर पेटवलं. आत शेळी बांधलेली. तिचं ओरडणं मी हायब्रीडच्या ज्वारीत पालथी पडून ऐकलं. वर्गात सांगताना माझं मागंपुढं झालं. आधी शेळी, मग हात, मग परत शेळी. पोरं वहीत लिहायलीत, एक पोरगी पेन चावायलीय, आणि मी घामानं भिजलेली.

सरांनी टेप बंद केला. फळ्यावर लिहिलं, 'घर जळाले.'

"जाळलं, सर."

"दोषारोप संशोधनात चालत नाहीत. आग लागली, एवढंच तथ्य." मग वर्गाकडं वळले. "बघा, या कथनाला आगा ना पिछा. या लोकांकडून आपल्याला सामग्री मिळते. विश्लेषण आपणच करायचं असतं."

पोरांनी दात काढले. आणि मी? मी मुकाट जागेवर गेले आणि वहीत लिहिलं, घर जळाले. माझ्या हातानं. त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं एक मुलाखत आणायची होती. मी टेप घेतला, फाट्यावर एसटीतून उतरले, तिथून चालत गावाला गेले. डोक्यात एकच. मायच्या तोंडून 'जाळलं' आणायचं आणि सरांच्या टेबलावर आदळायचं.

माय कामावरून आली होती. पदर सावरून टेपपुढं बसली आणि म्हणाली, "काय सांगू पोरी. घर जळालं. ह्येंचा हात मोडला. भांडी फुटली. शेळी गेली. झालं."

"माय! जळालं? आपोआप?"

"बंद कर आधी ते!"

बंद केला. तशी तिनं माझ्या मुस्काटात हाणली.

"मुडदा बशिवला तुज्या शिक्षणाचा! तू जाशील परभणीला. मला सकाळी त्येंच्याच वावरात खुरपायला जायचंय. जाळलं म्हणलं की कोन जाळलं, इचारतेत. सांगितलं की पुन्यांदा येतेत."

मग तिनं नावं सांगितली. दहा वर्षांत एकदाही तोंडातून काढली नव्हती. शेजारचं खुरपं उचललं आणि एका नावाला एकदा भुईत खुपसलं. मी मोजलं नाही, मला भीती वाटत होती. शेवटी म्हणाली, "तुज्यापाशी ठिव. कागदावर घालू नगंस." मी शब्द दिला.

परभणीला येऊन टेप पुन्हा पुन्हा ऐकला. क्रियापदांखाली रेघा मारल्या. जळालं. मोडला. फुटली. गेली. घर आपलं आपण जळतंय, हात आपला आपण मोडतोय. सगळ्या सांगण्यात मारणारा एक माणूस नाही! तिथं माझं टकुरं उघडलं. माय विसरली नव्हती, गोंधळलीही नव्हती. डाळीतले खडे काढावेत तसा तिनं एकेक माणूस वेचून बाहेर काढला होता, जिवाच्या भीतीनं. आणि मी सारखी शेळीकडं का वळत होते, तेही कळलं. बापाच्या हातापाशी पोचले की माझी छाती दाटायची, म्हणून मी शेळीकडं पळायचे. आगा ना पिछा म्हणे! आगाही होता, पिछाही होता. ऐकणाराच बहिरा होता.

वर्गात सरांनी माझा टेप लावला. ऐकून खूश झाले. "ऐकलंत? यांच्या आईसुद्धा 'जळालं'च म्हणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले. फळ्यावर चारी क्रियापदं लिहिली. प्रत्येकाच्या आधी कर्त्याची जागा रिकामी सोडली. खडू हातात मोडला.

"ही जागा रिकामी आहे, कारण ते लोक अजून गावात आहेत. माझी माय 'जळालं' म्हणते, कारण तिला त्यांच्याच वावरात कामाला जायचंय. तुमाला कुणाच्या वावरात जायचंय, सर?"

सरांनी डस्टर फेकून मारलं. कपाळावर बसलं, रक्त आलं.

"चल, बाहेर हो!"

इतके दिवस अहोजाहो करणारा माणूस एका झटक्यात अगंतुगंवर आला. मी गेले नाही. तास संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. रक्त डोळ्यात उतरलं तरी पुसलं नाही, आणि फळा कुणाला पुसू दिला नाही.

निकाल लागला तेव्हा मैत्रीण हळूच म्हणाली, "त्या पेपरात तू नापास झालीस गं."

"झाले नाही. सरांनी केलं."

त्याच दिवशी पुन्हा फॉर्म भरला. तोच पेपर. मायला शब्द दिलाय, ती नावं कागदावर येणार नाहीत, तिचं आणि गावाचंही येणार नाही. पण ती रिकामी जागा कागदावर दिसलीच पाहिजे, आणि ती कुणाच्या धाकानं रिकामी राहिली ते खाली लिहिलेलं असलंच पाहिजे. ती ओळ मी लिहिणार. कुणी खोडली तर पुन्हा लिहिणार, आणि खोडणाऱ्याचं पूर्ण नाव शेजारी लिहिणार. त्याला मी भीत नाही.